रंगाला भोके का पडतात?

कुही हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागपूरपासून ते सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पूर्वी नागपूरहून नागभीडला नॅरोगेजची छोटी गाडी जात असे. ती कुहीवरून जाई. रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ साली ती बंद झाली.

हा सारा पट्टा मिरचीचा. कुही, मांढळ, भिवापूर ही नावे मिरचीच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ आहेत. हंगामात मिरचीचे सातरे लागतात. बायका ओळीने बसून देठे खुडतात. रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. मिरची आली की तिचे तिखट करणारे कांडप यंत्र आले. या यंत्राचे धड बिडाचे असते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपला जाड तवा ज्याचा असतो तेच.

माझा भाचा कुहीत रंगाचे काम करतो. ब्रश घेऊन भिंती रंगवणारा रंगारी तो नव्हे. तो लोखंडी वस्तूंना पावडर कोटिंग करून देतो. गेट, खिडकीच्या जाळ्या, कूलरच्या पेट्या, बाके असे सामान त्याच्याकडे येते. त्याने भट्टी घातली तेव्हा माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, बचत गटातून कर्ज काढले होते. हप्ते चालू होते. अशा वेळी त्याच्याकडे कांडप यंत्रांची नऊ धडे रंगवायला आली. एवढे मोठे काम पहिल्यांदाच मिळाले होते. पोरगा खूश झाला. पण त्या नऊ नगांनी पुढे पंधरा दिवस त्याची झोप घालवली.

काय झाले ते सांगण्याआधी पावडर कोटिंग म्हणजे काय ते पाहू.

ओला रंग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. डब्यातला रंग पातळ करायला त्यात थिनर घालतात. रंग लावला की थिनर उडून जातो आणि रंग वाळतो. तो उग्र वास थिनरचाच. पावडर कोटिंगमध्ये थिनरही नसतो आणि पाणीही नसते. रंग पिठासारखा कोरडा असतो. त्यात राळेसारखे एक द्रव्य असते, ते घट्ट करणारे दुसरे द्रव्य असते आणि रंगाची भुकटी असते. हे पीठ एका गनमधून उडवतात. उडताना त्याला विजेचा भार मिळतो. वस्तू तारेने जमिनीशी जोडलेली असते. त्याला अर्थिंग म्हणतात. भार असलेले पीठ वस्तूकडे ओढले जाते आणि तिला बिलगते. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासला की तो कागदाचे कपटे ओढतो. तीच ही गोष्ट.

पण नुसते बिलगून काय होणार? फुंकर मारली तरी पीठ उडेल. म्हणून वस्तू भट्टीत ठेवतात. भट्टीची उष्णता साधारण १८० ते २०० अंश सेल्सियस असते. पीठ वितळते, गुळाच्या पाकासारखे पसरते आणि मग घट्ट होते. हे घट्ट होणे मेणासारखे नाही. मेण पुन्हा तापवले की पुन्हा पातळ होते. हा रंग उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट होतो. एकदा झाला की झाला.

ही विद्या फार जुनी नाही. जर्मनीत एर्विन गेमर याने १९५३ च्या सुमारास एक युक्ती काढली. हवेवर तरंगणाऱ्या पिठात तापलेली वस्तू बुडवायची. विजेच्या गनने पीठ उडवण्याची पद्धत १९६० नंतर पसरली. आज आपल्याकडे लहान गावातही गन आणि भट्टी दिसते. कूलर, कपाट, सायकलची चौकट, पंखा, सगळ्यांवर हाच रंग असतो.

आता त्या नऊ नगांकडे येऊ.

भाच्याने धडे धुतली. तेलकटपणा काढला. पुसून वाळवली. निळी पावडर मारली आणि भट्टीत घातली. बाहेर काढली तेव्हा रंग चकचकीत होता. पण जवळून पाहिले तर सगळीकडे बारीक भोके. टाचणीच्या टोकाएवढी. काही ठिकाणी फुटलेल्या फोडासारखे खळगे. कारखान्यात याला पिनहोल म्हणतात.

त्याने मला फोन केला. "मामाजी, पावडरच खराब आहे. जुना माल मारला माझ्या गळ्यात."

मी म्हटले, "दुसरी पिशवी फोडून पाहिलीस का?"

"पाहिली ना. तिच्यानंही तसंच झालं."

मग त्याने जे केले ते कोणीही केले असते. भोके पडलेला रंग पॉलिश पेपरने घासला आणि वरून पावडरीचा चांगला जाड थर दिला. भोके बुजतील असा हिशेब. झाले उलटेच. दुसऱ्या वेळी भोके कमी दिसली, पण मोठे मोठे फुगे आले. नखाने दाबले की फुगा फुटे आणि खाली काळे बीड दिसे. माल घ्यायला आलेले गृहस्थ म्हणाले, "हे काय बाप्पा? मशीनले देवी निघाल्या काय?" त्यांनी माल घेतला नाही. पैसेही दिले नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भोकाने काय बिघडते? यंत्र तर चालणारच. यंत्र चालेल, पण रंग टिकणार नाही. रंग हा लोखंडाचा पावसाळ्यातला घोंगडा आहे. घोंगड्याला एक भोक पडले की पाणी तेथूनच आत येते. पिनहोल बहुधा थेट धातूपर्यंत गेलेले असते. त्यातून दमट हवा आत शिरते आणि तांब चढते. तांब जागच्या जागी राहत नाही. ती रंगाच्या खाली खाली पसरते आणि रंगाला उचलते. एका पावसाळ्यात पोपडे सुटायला लागतात. रंग करून घेणारा आपले पैसे वाया गेले म्हणतो, आणि त्याचे खरे असते.

गावात एक मिस्त्रीकाका राहतात. नागपूरच्या एका कारखान्यात त्यांनी रंगखात्यात उमर काढली. छोट्या गाडीने रोज जाणे-येणे करीत. मी भाच्याला म्हटले, आधी त्यांना बोलाव.

काका आले. त्यांनी धड पाहिले. चष्मा वर सरकवून भिंगातून पाहिले. एका भोकात सुई घालून पाहिली. मग म्हणाले, "एक साधा पत्रा आन. नवा, कोरा."

पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा आणला. तो साफ केला. धडाच्या शेजारी टांगला. दोघांवर एकाच वेळी, एकाच गनने, एकाच पिशवीतली पावडर मारली. दोन्ही एकाच वेळी भट्टीत घातले. बाहेर काढले तेव्हा पत्रा आरशासारखा होता. धडावर पुन्हा भोके.

"हे पाय बाबू," काका म्हणाले. "पावडर तीच. गन तीच. भट्टी तीच. हात तुझाच. पत्रा साफ आहे. मंग दोष कोनाचा?"

"बिडाचा," भाचा म्हणाला.

"बिडाचाबी नाही. बिडाच्या पोटात जे कोंडलं आहे त्याचा."

हा पत्र्याचा तुकडा मला फार आवडला. पाच मिनिटांचे काम आणि खर्च काहीच नाही. पण त्याने दोन पिशव्यांचे भांडण मिटवले. पत्र्यावरही भोके आली असती तर दोष पावडरीत, हवेच्या नळीत किंवा भट्टीत शोधावा लागला असता. पत्रा साफ निघाला, म्हणजे दोष वस्तूतच.

बिडाच्या पोटात काय कोंडलेले असते? बिडाची वस्तू वाळूच्या साच्यात ओततात. वितळलेला रस ओलसर वाळूला लागला की वाफ आणि वायू निघतात. बहुतेक बाहेर जातात. काही बुडबुडे मात्र रस थिजताना आतच अडकतात. शिवाय रस थिजताना आकसतो. त्यामुळेही आत बारीक पोकळ्या राहतात. अशा वस्तूचे तोंड लेथवर कातले किंवा घासले की पोकळ्या उघड्या पडतात. मग कातताना वापरलेले तेल त्यांत जाते. धुतानाचे साबणपाणीही जाते. वरून पुसले तरी आतले निघत नाही. रंगाऱ्याला धड कोरडे दिसते. ते वरून कोरडे असते, एवढेच.

आता हे धड भट्टीत गेले की काय होते ते पाहा. हवा तापली की फुगते. ३० अंशांवरची हवा २०० अंशांवर नेली तर ती सुमारे दीडपट होते. ही झाली नुसती हवा. पाण्याची गोष्ट निराळी. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. एका थेंबाची वाफ अर्धा कप भरेल. तो थेंब सुईच्या टोकाएवढ्या पोकळीत बसला असेल तर वाफ जाणार कुठे? जिथून आत शिरली तिथूनच ती बाहेर येणार. आणि त्या दारावर तर आपण रंग पसरून ठेवलेला.

भाकरी तव्यावर फुगते ती याच वाफेने. वरचा पापुद्रा शेकून घट्ट झाला, आतल्या ओलीची वाफ झाली, तिला वाट मिळाली नाही, म्हणून भाकरी टम्म होते. भाकरी फुगली की बाई खूश. रंग फुगला की रंगारी रडतो.

यात वेळेची एक गंमत आहे. ती नीट समजली की उपाय आपोआप सुचतो. पावडर वितळून पातळ असताना बुडबुडा आला तर तो फुटतो आणि रंग पुन्हा त्या जागी वाहून येतो. खूणही राहत नाही. पावडर घट्ट होत असताना बुडबुडा आला तर तो फुटतो, पण रंग आता वाहू शकत नाही. खळगा तसाच राहतो. हेच पिनहोल. रंग जवळजवळ घट्ट झाल्यावर बुडबुडा आला तर त्याला फुटताही येत नाही. मग फुगा राहतो. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो. त्यात कोंडलेलेही फारसे नसते. जाड बीड हळूहळू तापते. वरचा रंग गरम हवेने घट्ट होऊ लागतो आणि आतला जाड भाग अजून तापतच असतो. त्याची वाफ उशिरा निघते. ती नेमकी नको त्या वेळी येते.

जाड थर दिल्यावर फुगे का आले, हेही यावरून कळते. जाड थरातून बुडबुड्याला लांबची वाट काढावी लागते. तोवर दार बंद होते.

उपाय काकांनी एका वाक्यात सांगितला. "आधी उघड्या अंगानं ताप दे. जे निघायचं ते निघून जाऊ दे. मंग रंग."

म्हणजे रंग न लावताच वस्तू भट्टीत तापवायची. कारखान्यात याला डीगॅसिंग म्हणतात. काम सोपे आहे, पण त्यात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या न सांभाळल्या तर सगळे वाया जाते.

पहिली गोष्ट किती तापवायचे ही. रंग ज्या उष्णतेवर भाजायचा त्यापेक्षा हे तापवणे वीस-तीस अंशांनी जास्त हवे. रंग २०० अंशांवर भाजायचा असेल तर उघडे धड २२० ते २३० अंशांपर्यंत न्या. रंग भाजतानाच्या उष्णतेपेक्षा कमी तापवले तर थोडा वायू आत शिल्लक राहील आणि पुढच्या वेळी तोच बाहेर येईल.

दुसरी गोष्ट, किती वेळ. येथे भाच्याची चूक होत होती. तो भट्टीच्या काट्याकडे पाही. काटा भट्टीतल्या हवेची उष्णता सांगतो. धातू अजून गारच असतो. घड्याळ लावायचे ते धातू तापल्यापासून. काकांनी धडाच्या सर्वांत जाड भागाला थर्मोकपलची तार लावायला सांगितली. तारेवरून कळले की हवा अर्ध्या तासात तापते, पण धड तापायला त्यानंतर आणखी चाळीस मिनिटे लागतात. धातू त्या उष्णतेला पोचल्यावर मग अर्धा तास ते एक तास तसेच ठेवायचे. जड नगाला जास्त.

तिसरी गोष्ट डाग पाहण्याची. पहिल्यांदा तापवून बाहेर काढलेल्या धडावर तपकिरी ओघळ दिसले. भाचा घाबरला. काका हसले. ते पोकळ्यांतले जुने तेल होते. उन्हाने डिंक पाझरावा तसे ते पाझरले होते. हा डाग तसाच ठेवून रंग मारला तर रंग धरणार नाही. म्हणून धड पुन्हा साफ केले, वाळूच्या फवाऱ्याने हलके घासले आणि पुन्हा एकदा तापवले. दुसऱ्या वेळी डाग आले नाहीत. तेलकट नगाला दोनदा तापवावे लागते. नव्या, कोरड्या नगाला एकदा पुरते.

चौथी गोष्ट, तापवल्यावर उशीर करू नका. धड गार होताना पोकळ्या बाहेरची हवा आत ओढून घेतात. पावसाळ्यात त्या हवेबरोबर ओलही जाते. धड गार झाले की त्याच दिवशी पावडर मारा. रात्रभर उघड्यावर ठेवले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. आणि मध्ये उघड्या हाताने धरू नका. हाताच्या घामात तेल असते. स्वच्छ हातमोजा घाला.

काही कारागीर धड पूर्ण गार होऊ देत नाहीत. ते कोमट असतानाच पावडर मारतात. त्यानेही भोके कमी होतात. पण गरम अंगावर पावडर लगेच वितळून चिकटते आणि थर नकळत जाड होतो. सराईत हाताचे ते काम आहे. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत.

थराच्या जाडीचेही सांगतो. साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडी पुरते. १,००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. माणसाच्या केसाची जाडी ६० ते ८० मायक्रॉनच्या जवळपास असते. म्हणजे केसाएवढा थर पुष्कळ झाला. जाडी मोजायचे लहान यंत्र मिळते. पावडर जास्त मारली की रंग जास्त टिकाऊ होतो, हा समज खोटा आहे. पावडरही वाया जाते आणि वायूही अडकतो.

पावडर घेतानाही विचारून घ्यावे. ओतीव वस्तूंसाठी आणि जस्त चढवलेल्या वस्तूंसाठी वेगळी पावडर मिळते. ती जरा जास्त वेळ पातळ राहते, त्यामुळे बुडबुड्यांना निघायला सवड मिळते. अशा पावडरीत बेंझॉइन नावाचे द्रव्य असते. ते जास्त झाले तर पांढरा रंग पिवळट दिसतो. म्हणून ही पावडर मदतीला ठीक. तापवण्याचे काम ती वाचवत नाही.

आता जस्ताकडे वळू, कारण नागपूरकडे त्याचा संबंध रोजचा आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कूलरशिवाय घर नाही. कूलरची पेटी जस्त चढवलेल्या पत्र्याची असते. लोक त्याला जीआय पत्रा म्हणतात. कारखान्यातून येणारा नवा पातळ पत्रा फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो दोन उन्हाळे पाणी प्यालेला कूलर. त्याच्या कोपऱ्यात, जोडात, तळाला पांढरी भुकटी जमलेली असते. काही पाण्यातले क्षार, काही जस्ताचीच पांढरी तांब. ही पांढरी तांब तापली की तिच्यातून पाणी आणि वायू सुटतात. वरून रंग मारला की तिथे फोड आलेच. ती घासून पूर्ण काढावी, दुमडलेल्या कडांतले पाणी हवेने उडवावे आणि मग उघडा पत्रा तापवून घ्यावा.

रेलिंग, खांब, गेट असे सामान आधी बनवून नंतर वितळलेल्या जस्तात बुडवतात. अशा मालाला भोके फार पडतात. त्याचा जस्ताचा थर जाड असतो आणि त्यातही वायू अडकलेला असतो. हा माल बीडासारखाच आधी तापवावा. जस्त ४१९ अंशांना वितळते, तेव्हा २३० अंशांनी त्याला काही होत नाही. बुडवून घेतानाच तिथल्या माणसाला सांगावे की यावर पावडर मारायची आहे, तर पाण्यात किंवा रसायनात बुडवून गार करू नका, हवेतच गार होऊ द्या. आधी सांगितले तर ते ऐकतात. नंतर सांगून उपयोग नाही.

येथे एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून थांबून सांगतो. दोन्ही तोंडे बंद असलेला पाइप वितळलेल्या जस्तात कधीही बुडवू देऊ नका. जस्त सुमारे ४५० अंशांवर उकळत्या तेलासारखे धगधगत असते. बंद पाइपातली हवा आणि ओल त्यात फुगते आणि पाइप बॉम्बसारखा फुटतो. वितळलेले जस्त माणसांच्या अंगावर उडते. जोडणी करतानाच पाइपाला हवा जायला आणि यायला भोके ठेवायची असतात. रंगावरचे भोक तोट्याचे, पण हे भोक माणूस वाचवते.

भोके कुठे पडली, यावरूनही कारण ओळखता येते. ओतीव भागावरच पडली आणि पत्र्यावर नाहीत, तर पोकळ्या. वेल्डिंगच्या रेषेवरच पडली, तर वेल्डिंगमधली पोकळी किंवा तिथे राहिलेला मळ. जोडात आणि दुमडीत पडली, तर अडकलेले पाणी. सगळ्या मालावर सारखी पडली, कोऱ्या पत्र्यावरसुद्धा, तर हवा किंवा पावडर ओली.

हवेचे तपासणे सोपे. कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचते. आपल्याकडे श्रावणात तर फारच. रोज सकाळी टाकीची खालची तोटी उघडून ते काढावे. मग नळीसमोर पांढरे फडके धरावे आणि हवा सोडावी. फडक्यावर ओल किंवा तेलाचा डाग आला तर आधी गाळणी बदलावी. भाच्याच्या फडक्यावर डाग आला नाही, पण टाकीतून निघालेल्या पाण्याने अर्धी बादली भरली. तो ओशाळला. तोटी कित्येक दिवस उघडलीच नव्हती.

पावडर टिनाच्या छपराखाली ठेवू नये. उन्हाळ्यात तिथे तिचे गोळे होतात. २५ ते ३० अंशांच्या आतली, कोरडी जागा बघावी. गार खोलीतून आणलेली पिशवी लगेच फोडू नये. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला जसे बाहेरून पाणी सुटते तसे पावडरीला सुटते. पिशवी बंद ठेवून आधी बाहेरच्या हवेइतकी होऊ द्यावी.

आणि एक. भोकात साधी लांबी भरून वर पावडर मारण्याचा मोह होतो. लांबी म्हणजे पुट्टी. साधी पुट्टी भट्टीत तापली की तिच्यातूनच वायू निघतो. एका भोकाची चार भोके होतात. २०० अंश सोसणारी धातूची पुट्टी निराळी मिळते. ती वापरावी, तीही सुकवून, घासून.

नऊ धडांचे काय झाले, ते राहिलेच. पहिल्या दोन थरांचा रंग काढायचा होता. भाच्याने तो भट्टीशेजारी गॅसच्या ज्योतीने जाळायचे ठरवले होते. काकांनी हात धरला. रंग जळला की धूर विषारी निघतो. आणि उडालेली पावडर हवेत असताना जवळ ज्योत आली तर भडका उडतो. पीठगिरणीत पिठाचा भडका उडतो तसाच. शेवटी रंग वाळूच्या फवाऱ्याने काढला. तोंडाला मुखवटा बांधून दोन दिवस ते काम चालले.

मग एक धड आधी केले. तापवले, डाग पुसले, पुन्हा तापवले, गार केले, पातळ थर मारला, भाजले. शेजारी पत्र्याचा तुकडा टांगलेलाच होता. भट्टीचे दार उघडताना ताई देवाचे नाव घेत उभी होती. हप्ता तिच्या नावावर ना! धड बाहेर आले. काकांनी भिंग लावले. वरून खालपर्यंत पाहिले. मग भिंग भाच्याच्या हातात दिले आणि काही बोलले नाहीत.

नऊपैकी सात धडे साफ निघाली. दोघांच्या एका कडेला पोकळी इतकी खोल होती की तीनदा तापवूनही बुडबुडा येतच राहिला. तो रंगाऱ्याचा दोष नव्हता, ओतणाऱ्याचा होता. भाच्याने ती दोन्ही धडे रंग न मारता, पोकळीभोवती खडूने गोल करून परत पाठवली. गृहस्थांनी सातांचे पैसे दिले. पावडर, गॅस आणि पंधरा दिवसांची मजुरी धरली तर त्या कामात भाच्याला काहीच सुटले नाही. हप्ता मात्र वेळेवर गेला.

आता त्याच्याकडे कोणी काम घेऊन आले की तो भाव सांगण्याआधी माल हातात घेऊन उलटासुलटा पाहतो. विचारतो, "पत्रा आहे का बीड? जस्त चढवलं आहे का? अगोदर तेलात होतं का?" बीड असेल तर दोन वेळच्या भट्टीचा गॅस धरून भाव सांगतो. भाव ऐकून काही गिऱ्हाइके परत जातात. त्यातली काही महिनाभराने भोके पडलेला माल घेऊन त्याच्याच दारात येतात. तेव्हा रंग काढण्याची मजुरी वेगळी लागते.

पत्र्याचा तो पहिला तुकडा भट्टीच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेला आहे.